सोशिक बाई कुणाला हवी आहे?

निलंग्यातील एक सद्गृहस्थ गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे तक्रार घेऊन आले. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या कन्येस आम्ही वाचावयास दिलेला कथासंग्रह त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणाले, "फादर, असलं वाचून पोरी बिघडतात. जुन्या गोष्टीतली बाई कशी सोशिक असायची!"

त्यांना बोचली होती ती उर्मिला पवार यांची 'कवच' ही कथा. आंबे विकणाऱ्या इंदिरेचा शाळकरी मुलगा वर्गात आंब्यांवरून झालेल्या द्व्यर्थी थट्टेने ओशाळतो. पुढे, गिऱ्हाइकांच्या चावटपणाला आपली आई तितक्याच करकरीत शब्दांत उत्तर देते, हे तो पाहतो. या कथेत घाण बोलतात ते पुरुष. गृहस्थांना मात्र आक्षेपार्ह वाटली ती बाईची जीभ!

ही तक्रार नवी नव्हे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हाही असाच गदारोळ उठला होता, आणि मालतीबाई बेडेकरांना 'विभावरी शिरूरकर' या नावाआड राहून लिहावे लागले होते. त्याहीपूर्वी, १८५७ मध्ये, विधवांचे हाल सांगणारे 'यमुनापर्यटन' लिहिले ते बाबा पदमनजी या ख्रिस्ती गृहस्थानेच. तो वारसा सांगताना आमची छाती फुगते. घरातील मुलीने पुस्तक उघडले की मात्र कपाळाला आठी पडते.

आमच्याच लातूर जिल्ह्यातील काटगावच्या रा. रं. बोराडे यांनी १९७१ मध्ये 'पाचोळा' लिहिली. (ती कथा नव्हे, कादंबरी आहे, हे आम्ही जाणतो.) शिंप्याच्या घराची वाताहत तेथे त्याची बायको सांगते. ती पाहते, बोलते. परंतु घटनांचा ओघ तिला वळवता येत नाही. त्या काळचे ते खरे चित्र होते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर याच मुलखातील बाया 'संवाद सहायक' म्हणून घरबांधणीचे प्रश्न घेऊन अधिकाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. त्याच वर्षापासून पंचायतीत एकतृतीयांश जागा त्यांना मिळाल्या, २०११ पासून निम्म्या. ही बाई आमच्या ग्रामीण कथेत अजून पुरेशी आलेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. गौरी देशपांडे, सानिया यांच्या नायिका शिकलेल्या, शहरी, दूरदेशी वावरणाऱ्या. त्या आमच्या मुलींना आवडतात, पण परक्याही वाटतात. हा दोष त्या लेखिकांचा नाही. निलंग्याच्या बाजारात बसणाऱ्या बाईची कथा निलंग्याने लिहावयास हवी.

खरी भीती पुस्तकाची नसावी, असा आम्हांस संशय आहे. भीती आहे ती मुलगी उद्या वाटा मागेल याची. मृत्युपत्र नसल्यास १९२५ चा भारतीय वारसा कायदा आम्हां ख्रिस्ती लोकांत मुलगा व मुलगी यांस समान वाटा देतो. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेतल्या जातात, आणि त्या निमूट देणाऱ्या बहिणीला आपण 'गुणाची' म्हणतो. आम्ही पुरोहितही यातून सुटत नाही. दुःखी मातेच्या सहनशीलतेवर आम्ही किती प्रवचने दिली! कानाच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे पुत्राला सांगणाऱ्या, आणि सेवकांना आज्ञा देणाऱ्या मरियेवर किती दिली?

हे सारे आम्ही त्या गृहस्थांना सांगितले. त्यांस पटले नाही. संग्रह टेबलावरच ठेवून ते निघून गेले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर त्यांची कन्या आली. "फादर, दोन गोष्टी राहिल्यात," म्हणाली, आणि पुस्तक घेऊन गेली.