‘पुन्हा टाकून पाहा’ हे उत्तर नव्हे

संगणकावर आगगाडी चालवण्याचा खेळ तुमच्यापैकी काही जणांनी खेळला असेल. ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ हा असा एक प्रोग्रॅम २००१ साली निघाला. त्यात इंग्लंड, ऑस्ट्रिया, अमेरिका व जपान येथील मिळून सहा मार्ग होते. पण हौशी मंडळींना खरी गोडी लागली ती त्याच्या जोडीला दिलेल्या रूट एडिटरची. रूळ अंथरावेत, डोंगर उचलावेत, बोगदे आणि स्थानके मांडावीत, आणि आपल्या भागातली लाइन आपणच उभी करावी! पुढे त्याच फाइली वाचणारा ‘ओपन रेल्स’ हा मोफत प्रोग्रॅम तयार झाला, त्यामुळे ही हौस अजून टिकून आहे.

माझा अकरावीचा एक विद्यार्थी कर्जत ते लोणावळा हा बोरघाटाचा मार्ग असाच बांधत होता. ३७ ला १ असा तिथला चढ त्याने मोठ्या कष्टाने साधला होता. एके दिवशी ठाकूरवाडी ओलांडून मंकी हिलकडे निघाले की एडिटर बंद पडू लागला. संदेश नाही, सूचना नाही, पडदा एकदम मोकळा. तो माझ्याकडे आला. मी पदार्थविज्ञानाचा शिक्षक, वर्षानुवर्षे मुलांना ‘आधी निरीक्षण, मग अनुमान’ असे सांगणारा. आणि मी काय म्हणालो? “सगळे काढून टाक आणि पुन्हा टाक.”

त्याने इमानेइतबारे सगळे फोल्डर पुसले. त्याचा मार्गही त्यातच होता. सुदैवाने महिन्यापूर्वीची नक्कल पेनड्राइव्हवर सापडली. मधल्या महिन्याचे काम मात्र माझ्या सल्ल्यापायी गेले. आणि नव्याने टाकलेला एडिटर नेमका त्याच जागी पुन्हा बंद पडला!

असे का व्हावे? या प्रोग्रॅममध्ये जमीन २०४८ मीटर बाजूच्या चौरसांत विभागलेली असते. प्रत्येक चौरसात काय काय मांडले आहे, याची वेगळी फाइल असते. आपण पुढे सरकू तसतसे आसपासचे चौरस वाचले जातात. म्हणजे ‘अमुक जागी गेल्यावर बंद पडतो’ हे नुसते गाऱ्हाणे नाही, ते एक निरीक्षण आहे. दोष प्रोग्रॅममध्ये असता तर तो बहुधा कुठेही दिसला असता. तो एकाच जागी दिसतो, म्हणून त्या चौरसांत शोधायला हवा. उलट मार्ग उघडतानाच सगळे कोसळले, तर संशय रुळांच्या सामायिक नोंदीवर किंवा वस्तूंच्या यादीवर जाईल. त्या यादीत एक कंस राहिला तरी घोटाळा होतो.

मग आम्ही दोघे शहाण्यासारखे बसलो. आधी पूर्ण मार्गाची नक्कल केली आणि त्या नक्कलेवरच काम केले. संशयित चौरस नऊ होते. पाच फाइली बाजूला काढल्या, एडिटर चालवला, काहीही जतन न करता बंद केला. (जतन केले असते तर रुळांची नोंद आणि चौरस यांचा मेळ बिघडला असता.) मग उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. चार चाचण्यांत एकच चौरस हाती लागला. ५१२ चौरस असते तरी नऊच चाचण्या पुरल्या असत्या. २ चा नववा घात ५१२ होतो, हे गणित तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीच्या एकसरीतल्या दिव्यांच्या माळेत तुटलेला दिवा असाच शोधतात. त्या चौरसातल्या वस्तूंच्या फाइली पाहिल्या, तर एका झोपडीच्या फाइलचा आकार शून्य बाइट! नक्कल करताना ती अर्धवट राहिली होती. ही झोपडी त्याने दोन महिन्यांपूर्वी मांडली होती. नंतर तो लोणावळ्याच्या बाजूला काम करत असल्याने इकडे फिरकलाच नव्हता. ‘काल काय बदलले?’ हा प्रश्न विचारून ती सापडली नसती.

ही युक्ती नेहमीच चालते असे मात्र नाही. कधी दोन्ही अर्धे वेगवेगळे नीट उघडतात आणि एकत्र केले की कोसळतात. तेव्हा दोष कोणत्याच एका फाइलमध्ये नसतो, तो बेरजेत असतो. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला विंडोजमध्ये साधारणपणे २ गिगाबाइट स्मृतीच वापरता येते. झाडे, घरे आणि त्यांची चित्रे खच्चून भरली की ती मर्यादा ओलांडली जाते. तिथे अर्धे अर्धे करत बसण्यापेक्षा थोडे थोडे कमी करून पाहावे.

आता शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी थोडे बोलतो. आपल्या प्रयोगशाळेत सगळे चालू स्थितीतच ठेवलेले असते. वाचन जुळले नाही तर विद्यार्थी ते खोडतो आणि शेजाऱ्याचे लिहितो. आपल्यालाही ते कळत असते. माझे म्हणणे असे की, वर्षातून निदान एक प्रयोग मुद्दाम बिघडवून द्यावा. एक तार आतून तुटलेली, किंवा ॲमीटरचा फ्यूज उडालेला. गुण उत्तराला नकोत. कोणती चाचणी का केली आणि तिने काय वगळले, या नोंदीला द्यावेत. वेळ पुरत नाही हे खरे आहे, चाळीस मुलांच्या वर्गात तर नाहीच. तरीही एकाच पाठाचे चार ठोकळेबाज प्रयोग करून घेण्यापेक्षा त्यातला एक असा करणे मला जास्त मोलाचे वाटते.

त्या मुलाने आता वही ठेवली आहे. तारीख, काय बदलले, काय झाले, असे तीन रकाने. मागच्या आठवड्यात मी ती चाळली. पहिल्याच ओळीत लिहिले होते: ‘चाचणी १. सरांनी सांगितल्याप्रमाणे सर्व पुन्हा टाकले. फरक नाही.’