खोगीर आणि खोगीरभरती

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी जातो न जातो, तोच आमच्या खानदेशाला सारंगखेड्याचे वेध लागतात. दत्तजयंतीला तापीकाठच्या या गावी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजार. गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते तिकडे गेले. पण जळगाव-धुळ्याच्या माणसाला ही यात्रा अजून घरचीच वाटते. आमच्यासारखे नोकरदार तिथे भजी खातात, नाचणारे घोडे पाहतात आणि संध्याकाळची एस.टी. पकडून घरी येतात. घोडा विकत आणण्याचा अविचार सहसा कुणी करीत नाही.

आमच्या भाच्याने तो केला. जळगावाबाहेर मेहुण्यांचे शेत आहे. तिथे बैलांच्या शेजारी एक तांबडा काठेवाडी घोडा येऊन उभा राहिला. विकणाऱ्याने ‘चार वर्षांचा पक्का’ म्हणून दिला होता. आता प्रश्न उरला तो पाठीवर काय घालायचे याचा. ओळखीच्या एकाची जुनी कातडी जीन स्वस्तात मिळत होती. दुसरीकडे परदेशात ज्याला ‘ट्रीलेस सॅडल’ म्हणतात, तसले बिनसांगाड्याचे खोगीर भाच्याच्या मनात भरले होते.

“मामा, तुम्हीच सांगा, काय घेऊ?”

आमचा घोड्याशी संबंध आयुष्यात एकदाच आला, तोही मांडवाकडे जाताना. आणि तेव्हा लगाम दुसऱ्याच्या हाती होता. तो अद्याप दुसऱ्याच्याच हाती आहे, असे घरातून सुचवण्यात आले. तेव्हा आम्ही धुळ्याच्या एका म्हाताऱ्या चाबूकस्वाराला बोलावून आणले. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी जीन पाहिली नाही की खोगीर पाहिले नाही. आधी घोड्याचा ओठ वर केला. “भाऊ, हे कुणी सांगितलं चार वर्षांचं? मधले दात तेवढे बदललेत. बाजूचे अजून दुधाचे आहेत. शिंगरू आहे हे, अडीच-तीन वर्षांचं.”

भाच्याचा चेहरा उतरला. घोड्याचे समोरचे मधले दात अडीच वर्षांच्या सुमारास बदलतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला आणि कडेचे साडेचारला. बाजारात ओठ उचलायला कुणी मनाई केली नव्हती. आमचे चिरंजीव रंगावर भाळले होते.

मग चाचांनी सगळे समजावून सांगितले. जिनीच्या पोटात लाकडाचा किंवा धातूचा सांगाडा असतो. तो स्वाराचे वजन कण्याच्या दोन्ही अंगांना पसरवतो आणि कण्याला मोकळा ठेवतो. सांगाडा पाठीला बरोबर बसला, तर त्याच्यासारखे सुख नाही. पण शिंगराची पाठ दर दोन-चार महिन्यांनी बदलते. आज बसलेला सांगाडा पुढच्या पावसाळ्यात खांद्यामागे चावू लागतो. वाढत्या पोराला गेल्या वर्षीचे बूट घालावेत तसे. बिनसांगाड्याचे खोगीर मऊ असते. पाठीबरोबर तेही आकार घेते. फारसीत खोगीर म्हणजे घाम टिपणारे. परदेशातून नवलाई म्हणून जे आले, त्याची आजी आपल्याच पागेत होती म्हणायची!

“म्हणजे खोगीरच घ्यायचं ना?” भाचा खुलला.

“थांब. तुझं वजन किती?”

“ब्याऐंशी किलो.”

चाचांनी शिंगराच्या छातीचा घेर आणि अंगाची लांबी दोरीने मोजली आणि वजनाचा अंदाज केला: सुमारे ३०० किलो. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यात बसावे, असा हिशेब धरतात. म्हणजे ६० किलो. त्यात खोगिराचा एक दोष आहे, तो विकणारे सांगत नाहीत. सांगाडा नसला की वजन पसरत नाही. ते स्वाराच्या बैठकीखाली आणि रिकिबीचे पट्टे जिथे अडकवलेले असतात तिथे एकवटते. दाब मोजणाऱ्या गाद्या पाठीवर घालून शास्त्रज्ञांनीही हे तपासले आहे. स्वार जितका जड आणि फेरी जितकी लांब, तितका त्रास अधिक.

“खोगीर चांगलं आहे, भाऊ. पण ते तुझ्यासाठी नाही,” चाचा म्हणाले आणि कुंपणावर बसलेल्या आमच्या भाचीकडे वळले. “ताई, तुझं वजन किती?”

ती ४८ किलोची. खोगीर धरून ५४.

भाचा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पैसे त्याचे, हौस त्याची आणि स्वारी बहिणीची! पण तिसऱ्या दिवशी खोगीर आले. कण्यावर मधोमध पोकळ पन्हळ राहील असे, खाली जाड गादी असलेले. पुढचे वर्षभर त्यावर कुणी बसले नाही. आधी रिकामे खोगीर, तंग हळूहळू आवळत. मग लांब दोरावर चालणे. मग नुसते आडवे पडून भार देणे. साडेतीन वर्षे भरल्यावर भाची स्टुलावर चढून अलगद बसली. रिकीब धरून लटकले की असले खोगीर फिरते. स्वारी दहा मिनिटांची. उतरल्यावर चाचांची तपासणी: घामाने भिजलेल्या पाठीवर मध्येच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब पडतो आहे असे समजावे. डाग नव्हता.

लगाम भाच्याच्या हाती होता. पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. तोवर घोडा भरेल आणि आपणही थोडे उतरू, असे म्हणून त्याने रात्रीचा भात सोडला आहे. मग नव्याने माप घेऊन जीन करायची, असे ठरले आहे.

‘घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ ही म्हण आपण ऑफिसातल्या कामावरून वापरतो. खऱ्या शिंगराची आठवण कुणाला होत नाही. या दत्तजयंतीला सारंगखेड्यास गेलात, तर घोड्याच्या रंगावर जाऊ नका. ओठ उचलून पाहा आणि खोगिराखालच्या पाठीवरून हात फिरवा. तिथे पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर कुणाच्या तरी घाईने झालेल्या जुन्या जखमांच्या त्या खुणा असतात.

आणि हो, या साऱ्या प्रकरणात आमचे काम काय होते, असे कुणी विचारील. वाचकहो, आम्ही होतो खोगीरभरतीला!