आजीचा बॅरिस्टर आणि आमचे उमेदवार

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,


मी ओमानमधल्या सोहार बंदराजवळ नोकरी करतो, पण मतदार आहे श्रीवर्धनचा. ६ अ नमुना भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव लावलंय. मत द्यायचं तर मात्र मूळ पासपोर्ट घेऊन गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. त्यामुळे निवडणूक बहुतेक वेळा मोबाइलवरच बघायची. त्यात काय दिसतं? कुणी अर्ज भरायला निघण्याआधी कुठल्या देवळात नारळ वाढवला, कोण टोपी घालून इफ्तारला बसला, कुणी टोपी नाकारली. नळपाणी योजनेचं काय झालं, हे विचारलं की गावच्या मोबाइल गटावर सामसूम.

माझा खोलीसोबती म्हसळ्याकडचा, कोकणी मुसलमान. शुक्रवारी सकाळी आम्ही इथल्या मासळी बाजारात जातो. सुरमई घ्यायची तर तो आधी कल्ले उघडून बघतो. लाल असतील तरच भाव विचारतो. विकणारा नमाज पढतो की नाही याची चौकशी मी त्याला कधी करताना पाहिलं नाही. गावाकडच्या उमेदवारांवर बोलायची वेळ आली की मात्र आम्ही दोघंही आधी आडनाव बघतो. हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

आमच्या आजीचं असं नव्हतं. आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले तिच्यासाठी ‘बॅरिस्टर’ होते. १९६२ साली ते श्रीवर्धनमधून पहिल्यांदा विधानसभेवर गेले आणि जून १९८० मध्ये महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री झाले. आमचा तालुका काही संतांचा नव्हता; जातीधर्माचं गणित तेव्हाही मांडलं जायचंच. पण आजीचा हिशेब वेगळा होता. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात सुरू झाली, आणि तिचे पैसे शेजारच्या विधवेच्या हातात पडलेले तिने पाहिले होते. कुलाबा जिल्ह्याला शिवरायांच्या राजधानीचं, रायगडाचं नाव दिलं ते याच मुख्यमंत्र्यांनी, १९८१ मध्ये. आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांची खुर्ची गेली ती सिमेंट घोटाळ्यापायी. न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. निराधार योजना काय किंवा सिमेंट काय, दोन्हींचा हिशेब मांडायला त्यांचा कलमा लागत नाही.

श्रद्धेला काही किंमतच नाही, असं मी म्हणत नाही. पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केलं. ती श्रद्धा मला कळते, कारण तिने एक बंद दार उघडलं. कॅमेऱ्याकडे बघत ओवाळलेल्या आरतीने कुणाचं काय उघडतं?

कायदा तर स्पष्ट आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावावर मत मागणं हा निवडणुकीतला भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी, चार विरुद्ध तीन मतांनी, त्यात मतदाराचा धर्मही धरला. पण मुंबईतल्या विलेपार्ल्याचं काय झालं ते आठवा. पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ ची. त्या प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांमुळे उच्च न्यायालयाने तिथून निवडून आलेल्या डॉ. रमेश प्रभू यांची निवड १९८९ मध्ये रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं ते ११ डिसेंबर १९९५ ला. ती विधानसभा तर १९९० मध्येच संपली होती! ठाकरे यांचा सहा वर्षांचा मताधिकार काढून घेण्याचा आदेश निघायला १९९९ उजाडलं. त्याच ११ डिसेंबरला मनोहर जोशींच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल असं बोलणं म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे, ती नुसती आशा आहे. हा फरक वकिलांना कळत असेल. मैदानात सतरंजीवर बसलेल्याला कसा कळावा?

निवडणूक याचिका न्यायालयाकडे जातात, हे मला ठाऊक आहे. पण आचारसंहिता तुमच्या हातात आहे, आणि प्रार्थनास्थळं प्रचारासाठी वापरू नयेत, असं तीच सांगते. म्हणून दोन मागण्या करतो. धर्माच्या नावाने मत मागितल्याची तक्रार आली, तर मतदानाच्या आत तिचा निकाल द्या आणि तो कारणांसह मराठीत जाहीर करा. दुसरी मागणी त्याहून सोपी आहे. उमेदवार जे प्रतिज्ञापत्र भरतो, त्यात त्याची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं असतं. धर्माचा रकाना त्यात नाही. तो कागद तुमच्या संकेतस्थळावर असतो, पण आमच्या गावातलं कोण तिथवर जातं? मोठ्या अक्षरात, मराठीत, प्रत्येक मतदान केंद्राबाहेर तो आठवडाभर आधी चिकटवा.

पुढच्या विधानसभेसाठी मी आत्तापासून रजा साठवतोय. खोलीसोबतीही येणार आहे. भिंतीवरचा तो कागद वाचायला आम्ही दोघं सकाळीच येऊ. तेवढा लावून ठेवा.

आपला,
एक मतदार, श्रीवर्धन विधानसभा मतदारसंघ
मुक्काम सोहार, ओमान