पहिल्या तासाची भूक

भूम-परंड्याकडच्या खेड्यात पहाटे धार काढली की किटली आधी डेअरीला किंवा खव्याच्या भट्टीला जाते. घरात उरते ते चहापुरते दूध. त्या चहात बुडवलेला बटर किंवा खारी एवढ्यावर लेकरू दहाच्या शाळेला निघते. आई सकाळीच दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली असते. भाकरी टोपल्यात असली तरी सात वर्षांच्या पोराने ती एकट्याने काढून खावी, ही अपेक्षाच चूक. वाटेवरच्या टपरीत रंगीत गोळ्या मिळतात, खिचडी मधल्या सुट्टीत. तोवर भाषेचे आणि गणिताचे तास उपाशीपोटी उरकलेले असतात.

अशा मुलाला ‘चुळबुळ्या’, ‘भांडखोर’, ‘याचे लक्षच नसते’ ही विशेषणे लवकर चिकटतात आणि प्रगतिपुस्तकापर्यंत जातात. धाराशिवच्या शाळांची गुणवत्ता मोजताना मुलाने सकाळी काय खाल्ले, हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे, असे आम्हांला वाटते.

आहार आणि वागणूक यांविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत. गोड खाल्ले की मुले उधळतात, असे घरोघरी म्हणतात. १९९०च्या दशकात साखर कोणाला दिली हे ना मुलांना ठाऊक ना पालकांना, अशा चाचण्या झाल्या आणि त्यांत हा समज टिकला नाही. खाण्यातल्या रंगांचे तसे नाही. साउथम्प्टन विद्यापीठाच्या २००७च्या अभ्यासात कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण प्यालेल्या मुलांचा चंचलपणा काहीसा वाढलेला दिसला. २०१०पासून युरोपात अशा रंगांच्या पदार्थांवर तसा इशारा छापावा लागतो.

तरीही आपल्याकडचा मोठा प्रश्न लोहाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आहेत आणि पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. हीच मुले पुढे पहिलीत येतात. लोह कमी पडले की मूल लवकर थकते, चिडचिडे होते, ऐकलेले त्याच्या ध्यानात राहत नाही. त्यात जेवणाबरोबरचा चहा भाजी-भाकरीतले लोह अंगी लागू देत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, पण उपाशीपोटी ती घेतली तर मळमळते. सकाळचे खाणे नसेल तर औषधाचाही उपयोग अर्धा राहतो.

न्याहारीने किती फरक पडतो? जमैकातल्या ग्रामीण शाळांत वर्षभर न्याहारी देऊन पाहिली गेली. १९९८मध्ये निष्कर्ष छापून आले. हजेरी थोडी वाढली, लहान वर्गांतल्या मुलांचे गणित सुधारले. चमत्कार झाला नाही, पण जे झाले ते एका वर्षात आणि साध्या खाण्याने झाले.

धाराशिव जिल्ह्याला ते खाणे बाहेरून आणावे लागणार नाही. ज्वारी, हरभरा, तूर, करडई इथलीच. हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, घुगऱ्या, दाण्याची चटणी हे आजीच्या हातचे पदार्थ आहारतज्ज्ञाच्या तक्त्यातही शोभतील. खरिपात सोयाबीन आले तसे मूग-उडीद मागे हटले. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. ते पोत्यात भरून आडतीवर जाते, घरच्या ताटात येत नाही. शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही, त्याला पैसा लागतो. पण शाळेच्या ताटाने तरी ही उणीव भरून काढायला हवी होती.

तिथे उलटेच झाले. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, न खाणाऱ्यांना केळी, असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबवून अंडी लोकसहभागातून द्यावीत, असे शाळांना सांगितले गेले. दुष्काळी गावातल्या शाळेने लोकसहभाग मागायचा कोणाकडे? ज्यांच्याकडे मागायचा, त्यांतली कितीतरी जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यावर गेलेली असतात आणि लेकरे म्हाताऱ्यांच्या नाहीतर हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर असतात. निधी थांबवण्याचा हा निर्णय चुकीचा होता, तो फिरवला पाहिजे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२०मध्येच पौष्टिक न्याहारीची शिफारस केली. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत न्याहारी सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती राज्यभर नेली. धाराशिव २०१८पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यात हा प्रयोग व्हायलाच हवा. भूम, परंडा, वाशी, कळंब या ऊसतोड मजुरांच्या तालुक्यांपासून, ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, जिल्हा परिषदेने तो सुरू करावा. परिपाठाआधी एक वाटी घुगऱ्या किंवा कण्या, सोबत गूळ-शेंगदाणे, जमेल त्या दिवशी अंडे. धान्य बचत गटांकडून घेता येईल.

खिचडी शिजवणाऱ्या बाईला मात्र त्यासाठी दोन तास आधी चूल पेटवावी लागेल. आज तिला मिळणारे मानधन मजुरीच्या जवळपासही जात नाही. त्या दोन तासांचे पैसे आधी ठरवा. पाककृतींचे परिपत्रक मागून काढले तरी चालेल.