पाणी प्या आणि कामाला लागा

2025 च्या उन्हाळ्यासाठी राज्यातल्या सगळ्या शाळांना एकच वेळ ठरवून देण्यात आली : प्राथमिक शाळा सकाळी 7 ते 11.15, माध्यमिक 7 ते 11.45. कारण ऊन. त्याच उन्हाळ्यात पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या आणि निकाल मात्र 1 मे रोजीच लावायचा असे ठरले. शेवटचा पेपर शुक्रवारी, निकाल पुढच्या गुरुवारी. एक रविवार धरून मध्ये पाच दिवस, आणि तेवढ्यात तपासणी, गुणपत्रके, प्रगतिपुस्तके, ऑनलाइन नोंदी. मुलाला बाराच्या आत घरी पोचवायचे हे शहाणपण सरकारदरबारी आहे. ते मुलापाशी सुरू होते आणि मुलापाशीच संपते. अकरा वाजता पोरे बाहेर पडली की त्याच पत्र्याच्या खोलीत शिक्षक, लिपिक आणि शिपाई उरतात, आणि ऊन जणू मुलांबरोबरच घरी गेले असे धरून पुढचा दिवस आखला जातो.

सावदा, फैजपूर, रावेर, यावल हा जळगाव जिल्ह्यातला, तापी आणि सातपुड्याच्या मधला खान्देशी पट्टा. एप्रिलच्या मध्यापासून पावसापर्यंत येथे दुपारी बारा ते चार रस्ते ओस असतात. बाजारपेठ अर्धे शटर ओढून बसते. या चार तासांत रस्त्यावर नेमाने दिसणारा पगारदार माणूस म्हणजे बहुतेकदा शाळेचा माणूस : टपाल घेऊन तालुक्याला निघालेला शिपाई, प्रशिक्षणाहून परतणारी बाई, शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचा गठ्ठा डिकीत घालून फिरणारे गुरुजी. अनुदानित शाळांचे शिक्षक तर मे महिन्यात पुढच्या वर्षाचे विद्यार्थी शोधत घरोघर हिंडतात, कारण पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदे ठरवण्याच्या हिशेबात, पद जाते. हे हिंडणे दुपारचेच, कारण मजुरीला गेलेले पालक दुपारीच घरी सापडतात.

या सगळ्यावर उपाय म्हणून दरवर्षी एक सूचनापत्र येते. भरपूर पाणी प्या, टोपी घाला, सैल सुती कपडे वापरा, दुपारी शक्यतो बाहेर पडू नका. ते सकाळी ग्रुपवर पडते, आणि त्याच ग्रुपवर तासाभराने ‘आज 3 वाजेपर्यंत माहिती समक्ष सादर करावी’ हा निरोप पडतो. दोन्हींची पोच द्यायची असते. पत्रात एकही वाक्य खोटे नाही. पण ते ज्याला पाठवले जाते त्याच्या हातात दुपार नाही, आणि ज्याच्या हातात दुपार आहे त्याला ते कशालाही बांधून घेत नाही. कर्मचाऱ्याच्या आरोग्याची जबाबदारी अशी पाण्याच्या बाटलीत भरून त्याच्याच खांद्याला अडकवण्याची ही रीत आहे. पुढे भोवळ येऊन कोणी पडलेच, तर सूचना दिली होती हे दाखवायला कागद तयार असतो.

पाणी लागतेच, पण पाण्याची मर्यादा शरीरशास्त्रात स्पष्ट आहे. शरीराचे आतले तापमान 37 अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेरची हवा त्याहून तापली की उष्णता बाहेर टाकायला घाम सुकणे हा एकच मार्ग उरतो. खान्देशातली हवा कोरडी, म्हणून घाम आल्याबरोबर उडतो, सदरा कोरडाच राहतो आणि माणसाला वाटते की फारसा घाम गेलाच नाही. तहान लागते तोवर तूट पडलेली असते. घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी ढोसत राहिले तर पोटऱ्यांत गोळे येतात, डोके दुखते, मळमळते. अशा वेळी 1 लीटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, किंवा ओआरएसची पुडी. आतले तापमान 40 अंशांच्या वर गेले, बोलणे असंबद्ध झाले, तोल गेला की तो उष्माघात. त्यात मिनिटे मोजायची असतात : सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा, काखेत आणि जांघेत बर्फ, आणि 108 ला फोन. पॅरासिटामॉल येथे कामाचे नाही, कारण हा ताप जंतूंचा नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ‘पाणी प्या’ हा मंत्र नेमका या टप्प्यावर घातक ठरतो, हे सूचनापत्रात सहसा नसते.

पंख्याचेही असेच. हवा 40 अंशांच्या पुढे गेली की पंखा माणसाला गार करत नाही, भट्टीची हवा अंगावर फेकतो; जागतिक आरोग्य संघटना तसे स्पष्ट सांगते. कोरड्या हवेत चालतो तो कूलर, पाण्याने भिजलेल्या जाळ्यांचा. तो शाळेत असलाच तर बहुधा एका खोलीत असतो, आणि ती खोली कोणाची हे शाळेच्या कर्मचाऱ्यांना विचारायची गरज नाही.

पाणी पिण्याच्या सल्ल्याला आणखी एक टोक आहे, आणि त्यावर पत्रके निघत नाहीत. सर्वेक्षणाला किंवा प्रशिक्षणाला गेलेली शिक्षिका सकाळपासून पाणी टाळते. गावात जायला जागा नसते. केंद्रावर स्वच्छतागृह असले तर त्याला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणाला ठाऊक नाही. कुलूप नसले तर आत पाणी नाही. म्हणून ती घरून निघताना घोटभर चहा घेते आणि परत येईपर्यंत बाटलीचे झाकण उघडत नाही. संध्याकाळी उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, पुढे संसर्ग, मुतखडा. तिला पाणी पिण्याचे महत्त्व कळत नाही असे समजून दरवर्षी तिलाच ते समजावून सांगितले जाते. एका कुलपाच्या किल्लीने जे साधले असते, त्यासाठी आरोग्य सप्ताहात तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवतात, तेही दुपारी.

पोषण आहार शिजवणाऱ्या बाया तर या चर्चेत येतच नाहीत. मानधन महिना 2,500 रुपये, खोली बहुधा पत्र्याची, आणि आत पेटलेली शेगडी. बाहेर 43 अंश असताना आत किती, हे मोजणारे यंत्र कोणत्याही शाळेला दिलेले नाही.

मोजणीचा मुद्दा निघालाच आहे. हवामान खात्याचे तापमान सावलीतल्या, हवेशीर पेटीतले असते. डांबरी रस्त्यावरचे किंवा पत्र्याखालचे नव्हे. शिवाय उष्णतेची लाट म्हणजे काय याचा निकष सपाट प्रदेशात असा : तापमान किमान 40 आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंश अधिक, किंवा थेट 45. खान्देशात मे महिन्याची सरासरीच 42 च्या आसपास. म्हणून किनाऱ्यावरच्या मुंबईत 38 ला लाट जाहीर होऊ शकते आणि सावद्यात 44 चा दिवस नेहमीचा दिवस म्हणून निघून जातो. इशारा नाही म्हणजे सवलत नाही. सतत तापणाऱ्या मुलखाला तापल्याबद्दल काहीच न मिळण्याची ही व्यवस्था शास्त्राला धरून आहे. ती कामाच्या वेळा ठरवायला वापरणे मात्र शास्त्राला धरून नाही.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले : खान्देशी माणसाला ऊन नवे नाही. खरे आहे; शरीर उन्हाला सरावते, त्याला एक ते दोन आठवडे लागतात, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. पण सरावाने घामाचा कारखाना वाढतो, चोपन्न वर्षांच्या माणसाचे वय कमी होत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारा, मधुमेही, गरोदर बाई यांच्यापुढे हा सराव तोकडा पडतो, आणि शिक्षकांच्या कोणत्याही खोलीत असे दोघे-तिघे असतातच.

दुसरे : शेतमजूर नाही का राबत? राबतो, आणि तो कधी राबतो ते केळीच्या बागेत जाऊन पाहावे. कापणीची टोळी पहाटे बागेत शिरते, ऊन चढायच्या आत घड उतरवते. बागेतल्या माणसाला घड्याळ ठरवता येते, म्हणून तो वाचतो. ज्या मजुराला ते ठरवता येत नाही, त्याच्यावरही अन्यायच होतो. एकाच्या अन्यायाचा दाखला दुसऱ्यावरच्या अन्यायाचा परवाना कसा होतो, हे सांगणाऱ्याने सांगावे.

तिसरे आणि सर्वांत लाडके : शिक्षकांना सुट्ट्याच सुट्ट्या. ज्या सुट्टीत सर्वेक्षण, प्रशिक्षण, पटनोंदणी आणि निवडणूक बसते तिला सुट्टी म्हणणाऱ्यांनी ती एकदा घेऊन पाहावी. आणि चौथे, कार्यालयीन : ज्यांना त्रास आहे त्यांनी वैद्यकीय दाखला आणावा. म्हणजे ऊन सोसत नाही हे सिद्ध करायला उन्हातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे, रांगेत उभे राहायचे, आणि नंबर येईपर्यंत उभे राहता आले तर तब्येत ठीक आहे असे ठरायचे.

निवडणुकीचे उदाहरण सर्वांना आठवते. रावेर लोकसभा मतदारसंघात 13 मे 2024 रोजी मतदान झाले. आदल्या दिवशी मंडपाखाली साहित्यवाटप, यंत्रांच्या पेट्या तपासून घेणे, एसटीची वाट पाहणे, भर दुपारी केंद्रावर पोचणे, रात्री वर्गातल्या फरशीवर पाठ टेकणे, पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, संध्याकाळी सहापर्यंत रांग, मग मतांच्या हिशेबाचे सतरा-सी नमुने आणि मध्यरात्रीपर्यंत साहित्य जमा. पुढे 1 जूनच्या टप्प्यात उत्तर प्रदेशात एका दिवसात 33 निवडणूक कर्मचारी उष्णतेने दगावल्याचे तिथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी, 16 एप्रिल 2023 ला, खारघरच्या उघड्या मैदानावरच्या जाहीर सोहळ्यात दुपारपर्यंत बसलेल्या श्रोत्यांपैकी 14 जण गेले. बाटल्यांची कमी हा यातला मुद्दा दुय्यम. मुख्य मुद्दा वेळ कोणी ठरवली हा. (काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन शेजारच्या फैजपूरला भरले ते डिसेंबर 1936 मध्ये. त्या काळी पुढाऱ्यांना पंचांग वाचता येत असावे.) शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षकांना देता येतात. ती दुपारी बारालाच द्यावीत असे त्या कलमात नाही. 2027 च्या जनगणनेच्या घरयादीसाठी केंद्राने एप्रिल ते सप्टेंबर 2026 असा सहा महिन्यांचा काळ मोकळा ठेवला. त्यातून राज्याने कोणते 30 दिवस निवडावेत, हे सावद्यात कोणालाही सांगता आले असते.

या पट्ट्यात ऊन मोजून त्याची भरपाई देणारी एक व्यवस्था मात्र आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी जादा तापमान हा धोका धरला आहे : ठरलेल्या महिन्यांत पारा ठरलेल्या आकड्यावर सलग काही दिवस राहिला की भरपाई लागू होते. बागायतदार त्यावर थांबत नाही. पश्चिम-दक्षिणेला शेवरीची ओळ किंवा हिरवी जाळी लावतो, झळ अडवतो. झाडाला ‘पाणी पी’ असे पत्र पाठवून तो घरी बसत नाही. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शाळेच्या शिपायाला ते मिळेपर्यंत त्याच्यासाठी तापमानाचा आकडा ठरणार नाही असे दिसते. 1948 च्या कारखाने अधिनियमानेही अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी सक्तीचे केले होते. शाळेत माठ भरणे ही आजही शिपायाच्या स्वभावावर अवलंबून असलेली गोष्ट आहे.

घरच्यांनाही यातून सुटका नाही. दुपारभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावरचे म्हातारे आई-वडील आणि लहान मुले रात्री झोपत नाहीत, आणि सकाळी सातच्या शाळेसाठी कर्मचारी पाचला उठतो. झोपेविना गेलेली रात्र दुसऱ्या दिवशीच्या उन्हाचा धोका वाढवते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी, गच्चीवरचे पापड-बिबड्यांचे वाळवण, लग्नसराईतली दुपारची वरात, हे घरचे धोके घराने सांभाळायचे आहेत. वाळवण सकाळी नऊच्या आत घालून उतरत्या उन्हात काढता येते. पण घरातला कमावता माणूस दुपारी तीनला कुठे असेल, हे घर ठरवत नाही.

ठरवता येते हे अहमदाबादने दाखवले. मे 2010 च्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले. 2013 पासून तेथे उष्णता कृती आराखडा लागू आहे, आणि त्यात इशाऱ्याच्या पायरीनुसार कोणी काय करायचे ते नेमून दिले आहे. मे 2024 मध्ये जळगाव जिल्ह्यातही उष्णतेमुळे कलम 144 चे आदेश निघाले, म्हणजे प्रशासनाला दुपार बंद करता येते. शाळांसाठी लागणारा नियम त्याहून साधा आहे. 15 एप्रिल ते 15 जून दुपारी 12 ते 4 कोणतेही समक्ष काम, प्रशिक्षण, सर्वेक्षण, साहित्यवाटप नाही. तपासणी घरी किंवा सकाळी. प्रत्येक केंद्रावर किल्लीसह उघडे स्वच्छतागृह. आणि शाळा उघडण्याची तारीख. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात. 2024 मध्ये तेथे 1 जुलै होती, उरलेल्या राज्यात 15 जून. जळगावचा पारा विदर्भाच्या जोडीने चढतो, पण जिल्हा नाशिक विभागात मोडतो, म्हणून घंटा पंधराला होते. पावसाने 15 जूनची तारीख पाळली नाही तर त्या पंधरवड्यात शाळा सकाळचीच ठेवायची, कर्मचाऱ्यांसह, आणि हा आदेश मार्चअखेर हातात पडायचा.