कादंबरीची भिशी

लसूण सोलत बसलेली बाई घरातल्या सगळ्यांना कामात दिसते, आणि पुस्तक घेऊन बसलेली बाई सगळ्यांना रिकामी दिसते. हवं तर अनुभव घेऊन पाहा. कादंबरीचं पान उलटतंय न उलटतंय तोच, “आई, माझे मोजे कुठायत?”, “अगं, चहा टाकतेस का जरा?” असं सुरू होतं. मग आपण पुस्तक पालथं घालून उठतो. ते पालथं पुस्तक चार दिवस तसंच राहतं, मग चार महिने, आणि बघता बघता वीस वर्षं!

माझं अगदी असंच झालं होतं. लग्नाआधी दिवसाआड वाचनालयात जाऊन पुस्तक बदलून आणणारी मी, लग्नानंतर दिवाळी अंकातल्या पाककृती आणि राशिभविष्यावर येऊन थांबले. म्हणून आज लोणच्याची बुरशी आणि कपड्यावरचे डाग बाजूला ठेवते आणि तुमच्याशी कादंबरीविषयी बोलते. आपल्या काळातली मराठी कादंबरी कशी शोधावी, आणि एकटीनं नव्हे तर चारचौघींत मिळून कशी वाचावी, याविषयी.

आमच्या आळीत आठजणींची भिशी आहे. कधी पैशांची, कधी स्टीलच्या डब्यांची. तीन वर्षांपूर्वी एकजण सहज म्हणाली, “डबे ठेवायला आता फळीवर जागा नाही. या खेपेला पुस्तकं घेतली तर?” सगळ्या हसल्या. पण हिशेब मांडून पाहिला, तर तो चोख बसला. दर महिन्याला दीडशे रुपये प्रत्येकी, म्हणजे बाराशे. तेवढ्यात एका कादंबरीच्या दोन प्रती सहसा येतात, आणि उरलेल्यात चहा-पोहे. एक प्रत चौघींत फिरवायची, प्रत्येकीकडे एक आठवडा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी बसायचं. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल, तिनं पुस्तक निवडायचं. महिना संपला की एक प्रत तिची, दुसरी वाचनालयाला भेट.

तुम्ही म्हणाल, आठवड्यात एक कादंबरी कशी होणार? तीनशे पानांची असली, तर रोजची त्रेचाळीस पानं. साधारण तास-सव्वा तास. तो तास आपोआप सापडत नाही, बरं का. तो घरात मागून घ्यावा लागतो. मी सरळ सांगून टाकलं, “दोन ते सव्वातीन मला हाक मारायची नाही.” पहिले चार दिवस सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. पाचव्या दिवशी मोजे ज्याचे त्याला सापडले!

आता निवड कशी करायची? इथे आम्ही मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे ठेवला. डब्यात नुसतं तिखट असून चालत नाही; मोहरी, हळद, जिरं, हिंग, सगळं लागतं. तसं दर महिन्याला वेगळ्या जातीची कादंबरी घ्यायची, एवढा एकच नेम. आवड नाही, म्हणून कुठलीच जात वगळायची नाही.

वाचनाची सवय मोडलेल्यांनी मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’पासून सुरुवात करावी. २००४ साली आलेली ही कादंबरी आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या मुलाची, मुकुंदाची आहे. शिरोडकर नावाच्या मुलीवर त्याचा जीव जडलेला. आमच्यातल्या एकीचा मुलगा नेमका नववीत होता, आणि अलीकडे खोलीचं दार लावून बसू लागला होता. कादंबरी वाचल्यावर ती म्हणाली, “बाई, मला वाटलं होतं तो आमच्यावर रागावलाय. तो तर फक्त मोठा होतोय!”

ऐतिहासिक कादंबऱ्यांचं वेड आपल्याकडे जुनं. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) बऱ्याच घरांत असते. पण तिच्या जोडीला नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ (१९९७) वाचून पाहा. तोच अठराव्या शतकाचा काळ, पण सांगणारा अंताजी मिस्कील. पराक्रमामागे कुणाचे स्वार्थ होते, ते हसत हसत सांगतो. एकीनं छाती भरून येते, दुसरीनं डोळे उघडतात. गंमत म्हणजे ‘नंदा’ हे नाव वाचून आमच्यापैकी पाचजणींना लेखिकाच वाटल्या. ते नंदा म्हणजे अनंत खरे, पेशाने स्थापत्य अभियंते! त्यांच्याच ‘उद्या’ या कादंबरीला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. माणसावर सतत नजर ठेवणाऱ्या उद्याच्या समाजाची ती गोष्ट आहे. वाचून झाल्यावर दोघीजणींनी आपले मोबाईल पालथे घालून ठेवले.

विज्ञानकथा म्हटलं की पुष्कळजणी घाबरतात. घाबरू नका. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ सोप्या भाषेत आहे. जमिनीच्या पोटात सापडलेल्या ज्ञानातून माणूस एक बुद्धिमान यंत्र घडवतो, आणि मग ते यंत्र ऐकेनासं झालं तर काय, हा प्रश्न. आज यंत्रं आपल्याशी गप्पा मारू लागली आहेत. तेव्हा ही कादंबरी पुन्हा वाचावी अशीच आहे. ज्यांना भीतीचा काटा आवडतो त्यांच्यासाठी नारायण धारप आहेत, आणि आजच्या लेखकांत हृषीकेश गुप्ते. त्यांची ‘हाकामारी’ वाचल्यापासून रात्री दारावर थाप पडली, की मी आधी “कोण?” म्हणून विचारते!

बायकांच्या आयुष्याविषयी वाचायचं, तर गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे या नावांपासून सुरुवात करावी. शांता गोखल्यांची ‘रीटा वेलिणकर’ आम्ही चौथ्या महिन्यात घेतली. लहान वयात घर चालवायची जबाबदारी अंगावर पडलेली थोरली मुलगी, लग्न झालेल्या पुरुषावर तिचं प्रेम, आणि एक दिवस तिचं मन कोलमडतं. चर्चेला बसताच निम्म्याजणींनी नाकं मुरडली. उरलेल्यांनी विचारलं, “तिच्या पगारावर जगणाऱ्या घरानं तिची काळजी कधी घेतली, ते आधी सांगा.” त्या दिवशी पोहे तसेच राहिले. कविता महाजनांची ‘ब्र’ (२००५) अशीच. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं १९९३ पासून पंचायतींमध्ये स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखून मिळाल्या. त्यातून निवडून आलेल्या आदिवासी भागातल्या सरपंच बायकांना काय काय सोसावं लागलं, ते या कादंबरीत आहे. ‘ब्र काढायचा नाही’ हे ऐकतच आपण मोठ्या झालो. तोच ब्र लेखिकेनं पुस्तकाचं नाव केलाय!

एखादं अवघड पुस्तकही घ्यावं. आम्ही श्याम मनोहरांची ‘उत्सुकतेने मी झोपलो’ घेतली. २००८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. नाव वाचून हसलो, आणि तिघीजणी तर खरोखरच उत्सुकतेने झोपल्या! पण एका काकूंनी ती दोनदा वाचली. म्हणाल्या, “आपण रोज किती बोलतो, आणि विचार किती थोडा करतो, ते कळलं.” तेवढ्यासाठी महिना सार्थकी लागला.

हे सगळं खरं, पण ही भिशी आम्ही का टिकवली, त्याचं कारण वेगळंच आहे. ते आता सांगते.

पाचव्या महिन्यात सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ निघाली. विदर्भातल्या शेतकरी कुटुंबाची कादंबरी. शिकूनसवरून नोकरी न लागलेला एकनाथ, शेतीची फरफट, आणि नोकरदाराच्या संसाराचं स्वप्न घेऊन आलेली, शेवटी माहेरची वाट धरणारी त्याची बायको. चर्चेला बसलो, आणि पाच मिनिटांत आम्ही सगळ्या त्या सुनेवर तुटून पडलो. “नवरा अडचणीत असताना सोडून जाते म्हणजे काय!” “हल्लीच्या मुलींना सोसायला नको.” सगळ्यांचं एकमत, त्यामुळे चर्चा संपल्यातच जमा होती.

आमच्यात एकजण आहे, शेतकऱ्याच्या घरातून आलेली. चार महिने ती फक्त “छान आहे” एवढंच म्हणायची आणि सगळ्यांच्या कपबश्या उचलायची. त्या दिवशी कपबश्यांचा ट्रे हातात धरून ती उभी राहिली आणि म्हणाली, “माझी वहिनी अशीच गेली. बारा वर्षं झाली. तेव्हा आम्ही बहिणींनी तिला हेच शब्द वापरले होते. ती का गेली, हे तिला कुणी विचारलंच नाही. वाचताना मला सारखं वाटत होतं, आमच्या घरावर कुणी पुस्तक लिहिलं असतं, तर आम्ही भावाचीच बाजू सांगितली असती. वहिनीची बाजू आम्हाला ठाऊकच नाही.”

कुणी काही बोललं नाही. मग ज्या काकूंनी “सोसायला नको” म्हटलं होतं, त्यांनीच तिच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि तिला खाली बसवलं. आम्ही पुस्तक पुन्हा उघडलं, आणि या खेपेला त्या सुनेच्या वाट्याची पानं शोधून शोधून वाचली. एकनाथाविषयीची कळकळ काही कमी झाली नाही. पण त्या घरात दुःख एकट्याचं नव्हतं, एवढं आम्हाला दिसलं.

मैत्रिणींनो, स्वतःच्या घराविषयी चारचौघींत बोलायला जीभ धजत नाही, आणि धजूही नये कदाचित. कारण बोललेलं संध्याकाळपर्यंत आळीभर होतं. पण कादंबरीतल्या घराविषयी बोलायला कुणाची चोरी? तिथल्या सासूला नावं ठेवता येतात, सुनेची बाजू घेता येते, आणि बोलता बोलता आपलं स्वतःचं काय चुकलं तेही उमगतं. माझ्या मते कादंबरी चौघींत वाचण्याचा खरा लाभ हाच.

तेव्हा भिशी सुरू करणार असाल, तर आमचे चार नियम जरूर घ्या.

पहिला, “छान आहे” किंवा “बरी आहे” एवढंच म्हणून सुटायचं नाही. कुठल्या पानाशी थांबलात, कुणाचा राग आला, कुणासारखं वागावंसं वाटलं, ते सांगायचं.

दुसरा, पुस्तक पुरं झालं नाही तरी यायचं. पन्नास पानं वाचून सोडलं असेल, तर का सोडलं हे मोकळेपणी सांगायचं. त्यातही चर्चा होते.

तिसरा, सगळ्यांचं एकमत झालं, की एकीनं मुद्दाम दुसऱ्या पात्राची बाजू घ्यायची. हा नियम ‘बारोमास’नं आम्हाला शिकवला.

चौथा, खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवायचं. हा मोडला तर भिशीही मोडली, असं समजा.

पुस्तकं शोधायची कुठे? गावच्या सार्वजनिक वाचनालयात आधी नाव घाला. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, म्हणून वर्गणी बेताची असते. तिथे कपाटांपेक्षा परत आलेल्या पुस्तकांचा ढीग आधी पाहावा. लोक खरोखर काय वाचतात ते त्या ढिगात कळतं. ग्रंथपालांना “काहीतरी चांगलं द्या” म्हणू नये. “मागच्या महिन्यात भीतीची कादंबरी वाचली, आता खेड्यातली द्या,” असं नेमकं सांगावं. साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची नावं दरवर्षी वर्तमानपत्रात येतात, ती कात्रणं पाककृतींच्या वहीत चिकटवून ठेवा. २०२३ साली हा पुरस्कार कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावातल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या म्हशीची ती गोष्ट आहे. विकत घेण्याआधी पहिलं पान आणि मधलं एक पान उभ्या उभ्या वाचावं. भाताची परीक्षा शितावरून, तशी ही.

आणि हो, त्या मैत्रिणीचं सांगायचं राहिलंच. त्या दिवाळीत तिनं वहिनीला फोन केला. वहिनी काय म्हणाली, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मात्र तेव्हापासून आमच्याकडे कपबश्या आळीपाळीनं उचलायचं ठरलंय, आणि “छान आहे” म्हणून गप्प बसणारी ती आता सगळ्यांत जास्त भांडते!

तुमच्या घरातही एखादं पुस्तक कुठेतरी पालथं पडलं असेल. आज दुपारी ते उलटं करा. आणि शेजारणीलाही विचारा, तिचं कितव्या पानावर राहिलंय ते.