लाज कसली? उपाय आहे

बदलापूरहून सीएसएमटीला लोकलने सुमारे दीड तास लागतो. गाडीत संडास नाही. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथच्याही कित्येक भगिनी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. शिंक, खोकला आला, हंडा उचलला की लघवी सुटते. पण घरात सांगायचे कसे? वयाचे दुखणे म्हणून त्या गप्प बसतात.

आम्ही सांगतो, हा आजार आहे आणि तो बरा होऊ शकतो. बाळंतपणांनी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. पाळी गेल्यावर, वजन वाढल्यावर, जुन्या खोकल्याने, बद्धकोष्ठाने त्रास वाढतो. पाणी तोडल्याने तर लघवी दाट होऊन जळजळते.

अमेरिकेचे डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली यावर व्यायाम सांगितला. वारा अडवताना आवळतो तेच स्नायू आवळा, ५ ते १० आकडे मोजा, तितकेच सैल सोडा. श्वास रोखू नका. असे १० वेळा, दिवसातून ३ दा, निदान ३ महिने.

जळजळ, ताप, रक्त किंवा सतत झिरपणे असेल, तर उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात दाखवा. लघवी व साखर तपासून घ्या. गरजेप्रमाणे औषधे, शस्त्रक्रियाही आहेत.

आणि बंधूंनो, घरातला हंडा आता तुम्ही उचला.